एकत्र राहत असल्याचा पुरावा

चष्मेवाल्यांची आणि माझी ओळख एका पँटमुळे झाली. ते सुट्टीवर गावी आले होते आणि मी माझ्या दुकानात लोकांचे कपडे आखूड, सैल करून देत होते. एकच पँट त्यांनी तीनदा आखूड करायला आणली. चौथ्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, आता ही गुडघ्यापर्यंत येईल, काय ते एकदाचं बोला. ते बोलले, पण परत गेल्यावर आणि तेही पत्रातून. माणूस असा आहे.

नवरा जाऊन मला अकरा वर्षं झाली होती. चष्मेवाले साठीला टेकलेले, विधुर, परदेशात एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारे. वर्षभर पत्रं आणि फोन झाल्यावर मी सहा महिन्यांच्या पाहुणा परवान्यावर त्यांच्याकडे राहायला आले. लेकीला मात्र सांगितलं की मला जग बघायचंय आणि एका म्हातारीच्या घरात खोली भाड्याने मिळाली आहे. बाप गेला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. अजून त्याच्याविषयी बोलताना 'बाबांना हे आवडतं' असंच म्हणते. तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

एक खोटं लपवायला शंभर लागतात म्हणतात, ते खरं आहे. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की मी पांढऱ्या भिंतीला टेकून बसायची आणि चष्मेवाले वर्तमानपत्र घेऊन बाथरूममध्ये. एकदा ते आतून शिंकले. मी म्हटलं, म्हातारीला सर्दी झालीय. पुढे दोन आठवडे लेक म्हातारीची चौकशी करत होती आणि मी त्या नसलेल्या म्हातारीला फोनवरूनच आल्याचा काढा पाजत होते. आम्ही या कामात इतके तरबेज झालो की मला स्वतःचंच कौतुक वाटू लागलं.

परवान्याचे तीन आठवडे उरले तेव्हा मुदत वाढवून घ्यायला गेलो. काउंटरवरच्या बाईने माझे कागद चाळले आणि विचारलं, सहा महिन्यांत बघून झालं नाही असं इथे काय राहिलंय? चष्मेवाल्यांनी हळू आवाजात मला ते मराठीत सांगितलं. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. बाई पहिल्यांदा हसली. मग तसं लिहा, म्हणाली. जोडीदार म्हणून एकत्र राहताय याचा पुरावा आणा: दोघांच्या नावाचा एखादा कागद, दोघांचे फोटो, आणि नात्यातल्या कुणाचं तरी पत्र. पत्र कुठल्याही भाषेत असलं तरी चालेल, सोबत भाषांतर जोडा.

घरी येऊन शोधाशोध केली. फोनमध्ये दोनशे चाळीस फोटो होते आणि एकातही आम्ही दोघं नव्हतो. मी बाकावर, ते बाकावर. मी पुलावर, ते पुलावर. एकाने काढायचा, दुसऱ्याने उभं राहायचं. तिसऱ्याच्या हातात फोन द्यायची आमची छाती नव्हती. कपाटात माझा एक रुमालही नव्हता, सगळे कपडे पाच महिने सूटकेसमध्येच. माझं नाव आणि त्यांचा पत्ता एकत्र असलेला एकच कागद सापडला. माझ्या चष्म्याच्या नंबरचं कार्ड, आणि ते चष्मेवाल्यांच्याच अक्षरात. हुशारी आमच्याच अंगाशी आली होती.

चष्मेवाले म्हणाले, तुम्ही जाऊन पुन्हा या, मी थांबेन. मला संताप आला. पाच महिने हा माणूस सकाळी माझ्याआधी उठून चहा ठेवत होता, पण 'राहा' हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नव्हता. मला ओझं वाटू नये म्हणून म्हणे. असलं सौजन्य काय चुलीत घालायचं?

"मी जावं की राहावं, तुम्हाला काय वाटतं ते तोंडाने सांगा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "राहा," ते म्हणाले. "पण लेकीला खरं सांगून राहा. मला बाथरूममध्ये बसून तिचा आवाज ऐकायचा कंटाळा आलाय."

रविवारी दुपारी जेवणं झाल्या झाल्या, हात धुवायच्या आधीच, मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. आधी उठले असते तर पांढऱ्या भिंतीकडेच गेले असते. चष्मेवाले शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मी एका दमात सगळं सांगितलं. लेकीने आधी म्हातारीचंच विचारलं.

"म्हणजे म्हातारी नाहीच?"

"नाही."

"मग सर्दी कुणाला झाली होती?"

"मला," चष्मेवाले म्हणाले. तिच्याशी बोललेला त्यांचा तो पहिला शब्द.

ती हसली नाही. आत्ताच का सांगतेयस, असं तिने मला विचारलं. आता खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी पत्राचंही सांगितलं.

"म्हणजे कागद हवा होता म्हणून खरं बोललीस," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ते मला फार लागलं, कारण त्यात चूक काही नव्हतं. चार दिवस तिने फोन उचलला नाही. चष्मेवाले म्हणाले, अर्ज राहू द्या, लेक तुटेल असं काही करायला नको. मीही परतीच्या तिकिटावरची सत्तावीस तारीख पुन्हा पुन्हा बघत होते. पोरगी गमावून इथे राहिले असते तर चहासुद्धा गोड लागला नसता.

पाचव्या दिवशी तिने फोनवर कागदाचा फोटो पाठवला. सोबत एक शब्दही नव्हता. मी फोन चष्मेवाल्यांकडे दिला आणि त्यांनी टेबलाशी बसून वाचून दाखवलं:

"माझी आई या गृहस्थांबरोबर पाच महिने राहते आहे, हे मला रविवारी कळलं. मी या गृहस्थांना ओळखत नाही. आईवर माझा राग आहे आणि तो इतक्यात जाणार नाही. पण पुरावा मागितला आहे म्हणून लिहिते. बाबा गेल्यापासून आई बसून जेवली नाही. ओट्याशी उभ्याने चार घास खायची आणि मशीनवर जाऊन बसायची. मी कितीदा सांगितलं, ऐकलं नाही. रविवारी ती टेबलाशी बसली होती आणि समोर दोन उष्टी ताटं होती. ती तिथे राहते, हे खरं आहे. सत्तावीस तारखेला तिला विमानतळावर आणायला जाण्यासाठी मी रजा टाकली होती. ती आज रद्द केली."

चष्मेवाल्यांनी भाषांतराला कागद घेतला. एकेक वाक्य सावकाश उतरवत ते शेवटाला आले आणि थांबले.

"ही रजेची ओळ ऑफिसच्या कामाची नाही," ते म्हणाले. "गाळू का?"

"गाळू नका," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.