शोकेसमधला पाव

वस्तादांच्या बेकरीतला पाव प्लास्टिकचा निघाला, ही बातमी साऱ्या वस्तीला कळली आणि सर्वांत शेवटी वस्तादांच्या मुलीला. तीही आत्याकडून. आत्याने व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता, खाली हात जोडलेले आणि 'लेकरांना देऊ नका' असा सल्ला. बेकरी आपल्या सख्ख्या भावाची आहे हे तिच्या ध्यानात यायला अर्धा तास गेला. मग तिने तो पुसला, पण तोवर मावशीने पुढे पाठवला होता.

व्हिडिओ पाऊण मिनिटाचा. चौकातल्या चष्मेवाल्याचं जेवणाचं टेबल, त्यावर पाव, आणि पावावरून सुरी नुसती घसरतेय. मग चष्मेवाला काडी ओढतो. पाव भडकतो, काळा धूर निघतो आणि मागून त्याची बायको ओरडते, "अहो, प्लास्टिक आहे हे! पडद्याला लागेल!" शेजारी कागदी पिशवी, तिच्यावर बेकरीचं नाव ठळक. चष्मेवाल्याचं घर बेकरीपासून पन्नास पावलांवर. पण हल्ली तक्रार दुकानात नेत नाहीत, फोनला दाखवतात.

संध्याकाळी तोच व्हिडिओ बातम्यांत आला, धडामधूम संगीतासकट, खाली लाल अक्षरांत 'पाव की प्लास्टिक?' प्रश्नचिन्ह टाकलं की बातमीवाले मोकळे. बघणारे काही ते प्रश्नचिन्ह वाचत बसत नाहीत.

ताई, म्हणजे वस्तादांची मुलगी, दुसऱ्या दिवशी सकाळीच तणतणत चष्मेवाल्याकडे गेली. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी काय खोटं दाखवलं? पाव तुमचा, पिशवी तुमची. रविवारी खुद्द वस्तादांच्या हातून घेतला." ती आली तशी परत फिरली.

मग तपासणीवाले साहेब आले. पीठ, यीस्ट, पाणी, सगळ्याचे नमुने नेले आणि दोन दिवसांत 'काही दोष नाही' असा शिक्क्याचा कागद दिला. ताईने तो बातमीवाल्यांना पाठवला. त्यांनीही दाखवला, पडद्याच्या तळाशी एक ओळ, हवामानाच्या आकड्यांआधी, सुळकन गेली. वस्ताद टीव्हीला नाक लावून बसले होते, तरी त्यांना दिसली नाही.

इकडे गिऱ्हाईक फिरकेना. वर्षानुवर्षं पाव नेणारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जायची. आणि इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या मुख्य बाईंचा फोन आला. रोजचे शंभर पाव तिथे जायचे, बेकरीची भट्टी खरं तर त्यांच्यावरच पेटती होती. "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो," बाई म्हणाल्या, "पण पेशंट पाव बाजूला सारतात. शुक्रवारपर्यंत काही खुलासा झाला तर ठीक. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल." शुक्रवार गेला की बेकरी गेली, हे ताईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बुधवारी दुपारी तिने एक गोष्ट केली, जी ती कुणालाही सांगणार नव्हती. मागचं दार लावून घेतलं, सकाळच्या पावाचा तुकडा कापला आणि त्याला काडी लावली. तुकडा मुकाट्याने काळा पडला, करपलेल्या पावाचा वास आला, बस्स. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. जन्मापासून ज्या पावावर वाढलो, त्याची आपण फोन बघून परीक्षा घेतो! तुकडा तिने कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी खुपसला. तिथे आधीच एक जळका तुकडा होता. तो तिचा नव्हता. तिने झाकण लावलं आणि तो विषय मनातही काढला नाही.

गुरुवारी सकाळी तिने 'बेकरी बंद आहे' अशी पाटी लिहिली. एक दिवस आधीच बंद करू, रिकाम्या दुकानात बाबांना बसलेलं बघवत नाही, असं तिने ठरवलं होतं. पाटी शोकेसमध्ये ठेवायची म्हणून तिने तिथला पाव सरकवायला हात घातला. बोट पावात रुतलं.

ती थबकली. या पावात बोट रुतायला नको होतं. शोकेसमध्ये ऊन येतं, खरा पाव तिथे टिकत नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी वस्तादांनी एक पाव भट्टीत दोन दिवस खडखडीत वाळवला होता आणि वर फर्निचरचं व्हार्निश चढवलं होतं. तो दगड होता दगड! आणि हा मऊ. तिने तो उलटा केला. खालून हिरवीगार बुरशी.

बुरशी बघून इतका आनंद झालेली बाई जगात दुसरी नसेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पीठ तपासलं, पाणी तपासलं आणि शोकेसकडे कुणी बघितलंच नाही.

"बाबा, रविवारी मी लग्नाला गेले होते, तेव्हा तुम्ही शोकेस पुसलीत का?"

"पुसली. पाव काढून फळीवरच्या पावांशेजारी ठेवला, काच लख्ख केली, पाव परत ठेवला."

"चष्मा होता डोळ्यांवर?"

वस्ताद हळूच म्हणाले, "तो दांडी मोडली म्हणून दुरुस्तीला दिलाय. त्याच्याचकडे."

ताईला हसू आवरेना, पण वस्तादांचा चेहरा बघून ती थांबली. हे जगाला सांगायचं म्हणजे चाळीस वर्षं भट्टीपाशी काढलेल्या वस्तादाला आपलाच पाव ओळखता आला नाही, हे सांगायचं. आपलेच दात, आपलेच ओठ.

"बाबा, राहू दे. मी सांगते, माझ्या हातून चूक झाली म्हणून."

"खबरदार!" वस्ताद उठले. "एक खोटं निस्तरायला दुसरं कशाला? घे तो बुरशीवाला पाव."

दोघं तडक चष्मेवाल्याकडे गेले. त्याने जळका अर्धा पाव पुरावा म्हणून खणात जपून ठेवला होता. वस्तादांनी आधी आपला चष्मा मागितला, डोळ्यांवर चढवला आणि पाव उजेडात धरला. तळाशी सुरीने कोरलेली फुली होती. विकायचा नाही, याची त्यांनीच केलेली खूण.

"सहा हात दिलेत व्हार्निशचे," वस्ताद म्हणाले. आवाजात लाज होती, पण थोडी ऐटही होती. "सहा वर्षांत चकाकी गेली नाही. तुम्ही तरी कसे ओळखणार?"

चष्मेवाल्याने दोन्ही पाव निरखले आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे तुमचा चष्मा माझ्याकडे पडून, आणि तुमचा व्हार्निशचा पाव माझ्या ताटात! वस्ताद, दांडी तर शनिवारीच बसवून झाली होती. मीच निरोप द्यायला आळस केला."

त्याने तिथेच फोन काढला. या वेळी व्हिडिओत वस्ताद होते, एका हातात जळका पाव, दुसऱ्यात बुरशीचा. "हा सोंगाचा पाव, मी आंधळेपणाने विकला. हा खरा. खरा आहे म्हणून नासला." शेजारी चष्मेवाला कान धरून उभा.

साहेबांच्या शिक्क्याला जे जमलं नाही, ते या फजितीला जमलं. लोक पोट धरधरून हसले आणि हसत हसत पुढे पाठवत राहिले. आत्यानेही पाठवला, हात जोडून. संध्याकाळी इस्पितळाच्या बाईंचा फोन आला. "ताई, उद्यापासून शंभर पाव. आणि पेशंट विचारताहेत, वस्ताद आता पाव देण्याआधी ठोकून बघतात ना?"

ताईने फोन ठेवला. जीव भांड्यात पडला. ती पिठाच्या गोणीवरच बसली आणि मनसोक्त रडली.

वस्ताद जवळ येऊन बसले. "एक सांगू? मला वाटलं, माझ्या हातालाच काही झालंय. मंगळवारी मी गुपचूप आपला पाव जाळून बघितला गं. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

ताईने डोळे पुसले. "डब्यात तळाशी होता, तो?"

"तू कशाला गेली होतीस डब्याच्या तळाशी?"

ताईने जीभ चावली. वस्ताद चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले, आणि मग दोघेही असे काही हसले की उद्याचं पीठ भिजवायचं राहूनच गेलं असतं.