बारा नंबरचा दगड आणि शेंदूर लागलेला अकरा

मी एक जुना दगड आहे. पण कुठलाही नव्हे, माझ्या अंगावर अक्षरं आहेत. डिंभ्याच्या पुढे भीमाशंकरकडे चढणाऱ्या रस्त्याच्या कडेला मला रोवलं, तेव्हा पाथरवटाने माझ्या छातीवर कोरलं, ‘भीमाशंकर १२ कि.मी.’ मित्रांनो, तुम्ही दिवसभरात शेकडो वाक्यं बोलता. त्यातलं एखादं खोटं निघालं तरी खपून जातं. मला मात्र जन्मभरासाठी एकच वाक्य मिळालं.

वरच्या वळणावर माझा भाऊ होता, अकरा नंबर. आम्ही एकाच खाणीतले, एकाच छिन्नीचे. एका श्रावणात कुणा भाविकाने त्याला शेंदूर फासला. दुसऱ्याने फूल वाहिलं, तिसऱ्याने नारळ फोडला. चौथ्याला वाटलं, एवढे लोक करतात म्हणजे देव असणारच. बघता बघता त्याचा आकडा शेंदराखाली गेला. ज्या कामासाठी उभं केलं ते काम त्याने सोडलं आणि मानाला चढला. मी ऊनपावसात इमानाने अंतर सांगत होतो, पण माझ्यापुढे कुणी साधी उदबत्ती लावली नाही. लपवत नाही मित्रांनो, मी जळलो. त्याचे नारळ मी मोजत असे. एका सोमवारी सतरा.

मग तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला यंत्र आलं. अकराजवळ चालकाने चपला काढल्या, हात जोडले आणि रस्ताच दोन हात बाजूला घेतला. आम्हाला कोण हात जोडणार? माझ्या खालच्या बाजूचे तेरा आणि चौदा नंबर फुटून रस्त्याच्या पोटात गेले. मी कलंडून नाल्यात पडलो.

मला उचललं बायडाबाईने. दोन किलोमीटर खाली तिची चहाची टपरी आहे. ट्रॅक्टरवाल्याला फुकट चहा पाजून तिने मला नेलं आणि दारात रोवलं. “बारा ज्योतिर्लिंगं, बारा नंबर. शकुन चांगला हाय,” असं तिचं म्हणणं. तिने मला धुतलं, रंगवलं. भाविक माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढू लागले. टपरीला ‘बारा नंबरचा चहा’ असं नाव पडलं. मी फुगलो. अकराचा फोटो काढतं का कुणी?

पण वाक्य? अक्षर तेच, रंग उलट जास्त चकचकीत, फक्त खालची जमीन बदलली. तिथून भीमाशंकर चौदा किलोमीटर होतं. पायी जाणारे माझ्यापासून ‘अकरा नंबरच्या देवा’पर्यंत धापा टाकत आणि म्हणत, “ह्यो एकच किलोमीटर लई लांब हाय, राव.” दोष त्यांनी पायांना दिला, मला नाही.

टपरीवर निवृत्त चिमाजी गुरुजी रोज बसत. एकदा एका पाहुण्याने माझ्या अंतराबद्दल शंका काढली. गुरुजी म्हणाले, दगडावर कोरलंय, चहावाली तेच सांगते, येणारेजाणारे तेच म्हणतात, एकाचा दुसऱ्याशी मेळ बसतो, म्हणजे खरं. मेळ बसणारच. तेरा-चौदा खडी झालेले, माझी साक्ष खोटी पाडणार कोण? बायडाबाईचं शास्त्र याहून सोपं होतं. ती म्हणाली, “ज्यानं काम भागतं, ते खरं.”

यंदा हिरड्याच्या दिवसांत तिच्या त्या खऱ्याने काम भागेना. माझ्या जुन्या जागेजवळच्या रानात हिरडा वेचताना भागूला घोणस चावली. तिचा नवरा रामदास तिला रस्त्याकडेला आणून टेकडीवर धावला, कारण फोन तिथेच लागतो. जीपवाल्या सुभाषला त्याने सांगितलं, “बारा नंबरला ये.” डोंगरातली माणसं अजून त्या जागेला बारा नंबरच म्हणतात. दगड हलला म्हणून जागेचं नाव हलत नाही. सुभाष खालच्या मंचरकडचा, त्याला बारा नंबर म्हणजे दगडच. तो जीप पळवत आला आणि माझ्यापुढे थांबला. तिथे भागू नव्हती. फोन लागेना, रामदास टेकडी उतरला होता. सुभाष बाजूची शेतं धुंडू लागला. गुरुजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, बारा हेच, इथेच कुठे तरी असतील.

मी छातीवर तेच वाक्य घेऊन उभा. जन्मात पहिल्यांदा मला अकराचा हेवा त्याच्या नारळांसाठी वाटला नाही. तो आपल्या जागेवर होता.

बायडाबाईने पातेलं उतरवलं. गिऱ्हाईक बसलेलं होतं, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, “दगड खोटा हाय, भाऊ. म्याच आणलाय त्यो. खरं बारा नंबर वर दोन किलोमीटरवर. चला, मी दावते.” आणि ती जीपमध्ये बसली.

भागू वेळेत दवाखान्यात पोचली. आठ दिवसांनी घरी आली.

टपरीचं नाव मात्र गेलं. बायडाबाईने त्याच ट्रॅक्टरवाल्याला पुन्हा चहा पाजला आणि मोजणीची फीत धरून मला जुन्या जागी रोवलं. तिथे फोटो नाहीत. सावलीला हिरडा आहे.

त्याच दिवशी भागू वाटीत शेंदूर घेऊन आली. मित्रांनो, किती वर्षं मी त्या वाटीची वाट पाहिली! तिने बोटं बुडवली आणि थेट माझ्या आकड्यावर टेकवली. बायडाबाईने पदराने लगेच पुसलं. म्हणाली, “पोरी, आकडा दिसू दे. देव वरच्या वळणाला हाय.”

भागू हसली. उरलेला शेंदूर घेऊन ती अकराकडे गेली. नारळही त्यालाच.

मी अजून जळतो, खोटं कशाला सांगू? पण मित्रांनो, एवढं ऐका. मला नमस्कार नको, नवा रंगही नको. मला फक्त हलवू नका. आणि हलवलंच, तर तसं चारचौघांत सांगायला बायडाबाईसारखी जीभ ठेवा.