किशनरावांची शागिर्दी

करवतीपुढे उभं राहायच्या आधी करुणा हातातल्या बांगड्या काढायची आणि सांभाळायला शिलाकडे द्यायची. शिलाला सगळ्यात जास्त झोंबायचं ते हेच. मोठी जाऊ ती, या घरात दोन वर्षं आधी आलेली, आणि तिच्या वाट्याला काय, तर धाकटीच्या बांगड्या.

कळमनुरीत नांदेडच्या रस्त्याला लागून त्यांचं घर. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सासऱ्यांची करवत. लोखंडी मेज, मेजाच्या फटीतून वर आलेलं दातेरी गोल पातं, आणि फळी सरळ जावी म्हणून एका अंगाला पट्टी. किशनराव तीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात राबले आणि दहाही बोटं शाबूत घेऊन घरी आले. पण गेल्या साली डोळ्यांनी दगा दिला. एका रेघेच्या दोन रेघा दिसायला लागल्या. बुद्धविहारातल्या पुस्तकांना कपाट करून द्यायचा शब्द तर देऊन बसलेले. दोन्ही लेक नोकरीच्या मागं. "पोरायच्या हातात मोबाईलच बराबर बसतो," असं म्हणून त्यांनी एक दिवस ताटावरच जाहीर केलं, की आता सुनेला शिकवतो.

शिलानं घास तसाच ठेवला. "मला शिकवा, मामा. मशीन मला नवी न्हाई."

ते खरंच होतं. ती कुरुंद्याची. बाराव्या वर्षापासून बापाच्या गोठ्यावर गुरांचा चारा कापायची कडबाकुट्टी चालवलेली. पेंढीच्या पेंढी आत सारायची आणि वर मैत्रिणीशी गप्पा हाणायची. आणि करुणा? हिंगोली शहरातली. मिक्सर लावतानासुद्धा एक पाऊल मागं सरणारी.

किशनराव बराच वेळ भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "तू लेकरूवाली. करुणा शिकंल."

लेकरू म्हणजे नऊ महिन्यांची आकांक्षा, शिलाच्या मांडीवर बसून वाटी चाटत होती. शिलानं तिच्या टाळूवर ओठ टेकले ते तिथंच ठेवले, तोंड कुणाला दिसू नये म्हणून.

त्या दिवसापासून शिलाच्या पोटात जे पेटलं ते विझेना. शेडच्या दारात लेकीला पाजत बसायची आणि एकेक गोष्ट डोळ्यानं टिपायची. सासऱ्यांनी पहिले पंधरा दिवस तर मशीनची पिन भिंतीत लावूच दिली नाही. बंद पात्याशेजारून करुणा नुसती फळी सरकवायची. पुन्हा मागं. पुन्हा सरकवायची.

"हात कुठं जाणार ते आदी तोंडानं सांग," सासरे म्हणायचे.

"डावा इथं, पात्यापासून वीतभर लांब. उजव्यात ढकलणी," करुणा शाळेतल्या पोरीसारखी म्हणायची. ढकलणी म्हणजे खाच पाडलेला लाकडी दांडा. फळीचं शेवटचं टोक हातानं नाही, त्यानं रेटायचं.

"पातं किती वर?"

"फळीच्या वर एक दात."

"पदर?"

"खोचला, मामा."

"हातमोजे घालू का, विचारलं व्हतं तू काल."

"नको. मोजा अडकला तर हातासकट ओढून नेतो."

"शाब्बास."

ते 'शाब्बास' शिलाच्या कानात दिवसभर वाजत राहायचं. तिनं सकाळपासून बत्तीस भाकरी थापल्या होत्या, त्याला कुणी शाब्बास म्हणालं नव्हतं. एकदा तिनं टोमणा मारलाच, "करुणा, बंद मशीनवर एवढं, चालू केल्यावर तर जिल्ह्याला बोलवावं लागंल बघायला."

करुणा हसली. "ताई, मला अजूनही धडधडतं बघा."

म्हणजे नम्रपणाही हिच्याचकडे, शिला मनात म्हणाली.

पुढं मशीन चालू झाली. कपाटाच्या उभ्या फळ्या झाल्या, सागवानाचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला. विहारातल्या बायका बघायला आल्या तेव्हा किशनराव म्हणाले, "ही आमची करुणा. हिनं कापलं." शिला चहाचा ट्रे घेऊन मागं उभी. तिची ओळख करून द्यायची कुणाला गरजच वाटली नाही, कारण चहा तर सगळ्या घरांत असतो.

आणि मग तो बाजारचा दिवस आला. शिलाचा नवरा धम्मानंद बापाला डोळे दाखवायला नांदेडला घेऊन गेला. करुणा पिशव्या घेऊन बाजारात. आकांक्षा झोळीत झोपलेली. घर असं शांत, की शेडच्या पत्र्यावर चिमणी चालली तरी ऐकू यावं.

शिलानं बांगड्या काढल्या. पदर खोचला. पिन लावली. करुणानं खुणा करून ठेवलेली आडवी फळी मेजावर घेतली, पट्टीला टेकवली आणि बटण दाबलं. पात्याचा आवाज छातीत घुमला. भ्याव? कसलं भ्याव. तिला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

ती फळीच्या बराबर मागं, समोरासमोर उभी राहिली, कडबाकुट्टीपुढं राहतात तशी. फळी सारली. पात्यानं अलगद घेतली. भुसा उडाला, सरळ चीर पडत गेली. बघा म्हणावं. अर्धी फळी आत गेली आणि शिलाच्या हातांनी, लहानपणापासूनच्या सवयीनं, आपसूक एक गोष्ट केली. ते सैल पडले. कडबाकुट्टीत पेंढी एकदा दातात गेली की हात सोडायचा असतो, मशीन ओढून घेते.

करवत ओढत नाही. फळी जराशी तिरपी झाली, पट्टी आणि पात्याच्या मधी अडकली, जळका वास आला, आणि डोळा लवायच्या आत ती उलटी सुटली. शिलाच्या कमरेला लागून मागच्या पत्र्यावर अशी आदळली, की झोळीतलं लेकरू किंचाळून उठलं.

शिलानं बटण बंद केलं. तशीच लंगडत गेली, आकांक्षाला छातीशी धरलं आणि खाली बसली. वीतभर वर लागलं असतं तर? आणि लेकरू कडेवर असतं तर? दोन्ही प्रश्न तिनं लेकीच्या केसांतच पुरले. मग उठून फळी बाकीच्या फळ्यांखाली सारली.

करुणा आली, भाजी ठेवली, शेडमध्ये डोकावली. पत्र्याला पडलेला पोचा बघितला. मग शिलाचं चालणं बघितलं. आणि भाजी निवडायला बसली.

संध्याकाळी किशनराव परतले ते सरळ शेडमध्ये. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना दिसायचं. फळ्यांवरून हात फिरवता फिरवता थांबले. "ही कोणी जाळली?"

स्वयंपाकघरात शिलाचा हात पिठात थांबला.

"माझ्या हातनं झालं, मामा," करुणा म्हणाली. "लक्ष नव्हतं."

"तुझ्या?" त्यांनी फळी खाली ठेवली. मग मऊ आवाजात, "असू दे. व्हतं एखांद्या दिवशी."

शिला पिठाच्या हातानं उभी. वाचली होती ती. कुणालाही कळणार नव्हतं. पण तो मऊ आवाज तिच्या काळजात कुसळासारखा रुतला. शागिर्दी हिची, शाब्बासकी हिची, आता चूकही हिचीच? आणि वरून जन्मभर हिचे उपकार? जी चूक कमरेवर काळीनिळी उमटली होती, ती तरी तिची स्वतःची होती.

ती शेडच्या दारात गेली. "ती खोटं बोलून राहिली, मामा. फळी म्या उडवली."

करुणा म्हणाली, "ताई, कशाला..."

"तू गप बस. माझं मला सांगू दे."

किशनराव वळले. "लागलं का?"

"कमरेला."

"उभी कुठं व्हतीस?"

"समोर."

"हात सोडला व्हता?"

"व्हय. कडबाकुट्टीला तसंच..."

म्हातारा खाली बसला, भुशातच. "तुला काहून घेतलं न्हाई, ते आता सांगतो. लेकरूवाली म्हणलो ते निमित्त व्हतं. तू म्हणली, मशीन मला नवी न्हाई. कारखान्यात ज्यायची बोटं गेली ना, समदे हेच म्हणायचे. नव्याला शिकवता येतं, शिला. आदी इसरवावं लागतं ते औघड. कुट्टी ओढती, ही फेकती. म्हणून पात्याच्या रेघंत उभं ऱ्हायाचं न्हाई, आन् फळी पात्याच्या पार होईस्तोर सोडायची न्हाई."

"मग इसरवा," शिला म्हणाली.

"मला दिसत न्हाई आता. हिच्याकून शिकावं लागंल."

शिलानं करुणाकडे बघितलं. करुणा जमिनीकडे बघत होती.

"शिकंन," ती म्हणाली. शब्द गिळलेल्या काट्यासारखा उलटा वर आला.

नऊ दिवस पिन भिंतीबाहेर. "ताई, पाय डावीकडं." शिला पाय सरकवायची. "ताई, हात सैल पडला." दात चावून पुन्हा फळी मागं घ्यायची. धाकटीचं ऐकताना तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, पण ती ऐकायची. दहाव्या दिवशी करुणानं पिन लावली आणि झोळी आतल्या खोलीत नेऊन दार ओढून घेतलं.

शिला पात्याच्या रेघेतून बाजूला उभी राहिली. धडधड झाली. पहिल्यांदाच झाली. फळी सारली, ढकलणीनं रेटली, पार गेली तरी रेटली. बटण बंद करून पातं पुरतं थांबेपर्यंत तिनं श्वास सोडला नाही.

किशनरावांनी कडेवरून अंगठा फिरवला.

"करुणाची पयली अशीच व्हती का?" शिलानं विचारलं. विचारणार नव्हती, पण विचारलं.

"न्हाई," म्हातारा म्हणाला. "तिची सरळ व्हती. तुझी शेवटाला केसभर सरकली."

शिलाच्या अंगातून तीच जुनी कळ गेली, डोक्यापासून टाचेपर्यंत. तिनं पिन काढली, दुसरी फळी उचलून मेजावर ठेवली आणि जावेला म्हणाली, "शेवटाला तू कोपर कसं धरतीस, दाखव बरं. आन् हळू दाखव. हवा करत दाखवू नको."