दोन पासपोर्टांचा भाऊ

वडील, यशवंतराव, अंथरुणाला खिळले तेव्हा इंद्रायणी निगडीहून रोज निघोज्याला जाऊन त्यांचं सगळं करायची. धाकटा भाऊ प्रीतम ऑस्ट्रेलियाहून आला तो दहाव्याला. तेराव्यानंतर तो तिला रजिस्ट्रार कचेरीत घेऊन गेला. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची आहेत, म्हणाला. भावाचा कागद काय वाचायचा, म्हणून तिनं सही केली. तो परत गेल्यावर कळलं, ते हक्कसोडपत्र होतं. जाब विचारला तेव्हा तो फोनवर हसला. "साडीचोळी कमी पडली का, ताई?"

ते हसणं ती विसरली नाही.

पुढच्या वर्षी तो जमिनीला गिऱ्हाईक बघायला आला. जेवताना रंगात येऊन सांगू लागला, की तो आता तिकडचा नागरिक झालाय, पण इथला पासपोर्ट त्यानं जमा केलेलाच नाही. इथं इथला दाखवायचा, तिकडं तिकडचा. व्हिसाची कटकट नाही. इंद्रायणीनं त्याला आणखी एक भाकरी वाढली आणि असं चालतं का, विचारलं.

"चालत नाही. पण बघतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी तिनं पासपोर्ट ऑफिसला आणि इमिग्रेशनला तक्रार पाठवली, स्वतःच्या नावानिशी. नागरिकत्वाची शपथ घेतानाचा फोटो त्यानंच घरच्या ग्रुपवर टाकला होता. तोही जोडला.

परत जाताना मुंबई विमानतळावर त्याला अडवलं. बॅगेत दोन्ही पासपोर्ट सापडले. इथला जप्त झाला, चौकशी लागली आणि परवानगीशिवाय देश सोडता येणार नाही, असं सांगितलं गेलं. त्याचा फोन आला तेव्हा आवाज बसला होता. कुणी केलं असेल, विचारत होता.

"मीच केलं," ती म्हणाली. "या वेळी वाचून सही केली."

चौकशीची कुणकुण लागताच गिऱ्हाईक पळालं. हक्कसोडपत्राविरुद्धही तिनं दावा लावला.

पुढच्या खेपेला ती निघोज्याला गेली, तर आई, सोजरबाई, दारातच उभी होती. म्हणाली, "सख्ख्या भावाला अडकवलंस व्हय गं?"

"त्यानं सख्ख्या बहिणीला फसवलं, तवा तू गप्प होतीस."

आई दारातून बाजूला झाली.

परवानगी येईना. तिकडची नोकरी टिकते की जाते, अशी वेळ आली. प्रीतम निघोज्यातच अडकून पडला. दर रविवारी इंद्रायणी मुद्दाम तिथं जायची, ओसरीवर त्याच्यासमोर बसायची आणि चहा सावकाश प्यायची. तो मान वर करायचा नाही. तिला घाई नव्हती.