चाचणीपुरती आई

नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तिला एकच काम दिलं होतं. वृद्धाश्रमांसाठी बनवलेली कंपनीची वेबसाइट आपल्या लॅपटॉपवर चालवून दाखवायची. खरी वेबसाइट दूर कुठल्या तरी सर्व्हरवर चालत होती, आणि सतरा वृद्धाश्रमांतल्या नर्स तिच्यावर रोज नोंदी करत होत्या, कोण किती जेवलं, कुणाला झोप लागली नाही, कुणाला कोण भेटायला आलं. नव्या माणसाने त्या खऱ्या वेबसाइटला हात लावायचा नाही, आधी स्वतःपुरती एक प्रत उभी करायची आणि तिच्यात हवी तेवढी मोडतोड करून हात साफ करायचा, अशी तिथली शिस्त होती. ती प्रत त्या लॅपटॉपच्या आतच राहते, बाहेरच्या कुणाला दिसत नाही.

"भातुकली समजा, ताई," शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले. ते तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते, पण टक्कल लवकर पडल्यामुळे सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं. "फक्त भातुकलीत खरी माणसं बसवायची नाहीत. चाचणीला सगळी नावंगावं खोटी. माझ्या फाइलीत बघा, टोपीवाले आजोबा आहेत, भांडखोर आजी आहेत. हवं ते घ्या."

सहा वर्षं ती आईच्या आजारपणात घरी बसली होती आणि आता एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा कामाला लागली होती, त्यामुळे प्रत्येक सूचना ती दोनदा वाचत होती. डेटाबेस बसवला. सेटिंगच्या नमुना फाइलची नक्कल करून तिच्यात आपला पासवर्ड घातला. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एकेक आज्ञा टाइप केली, तीनदा लाल अक्षरांत नकार आला, आणि दुपारी तीनच्या सुमाराला ब्राउझरमध्ये एकदाची ती वेबसाइट उघडली. वापरणाऱ्यांच्या यादीत तिचं एकटीचं नाव होतं. रहिवाशांच्या यादीत कुणीच नव्हतं.

काकांची फाइल काही केल्या आत येईना आणि काका मीटिंगमध्ये अडकलेले. मग एक रहिवासी हातानेच भरू म्हणून तिने फॉर्म उघडला, तर त्यात अडतीस रकाने. जन्मतारीख, रक्तगट, सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या, कोणत्या कानाने कमी ऐकू येतं. खोटं सुचेना, आणि खरं तर तिला तोंडपाठ होतं. बोटं आपोआप चालत राहिली. शेवटी 'जतन करा' दाबलं तेव्हा पडद्यावर तिची आई होती, खोली क्रमांकासकट. संध्याकाळी पुसून टाकू, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि विसरली.

आई गेले आठ महिने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका लहानशा वृद्धाश्रमात होती. तिथे कॉम्प्युटर नव्हता, सगळं वहीत लिहीत. मंगळवारी आणि शनिवारी ती भेटायला जायची, आणि गेले पाच महिने आई तिला दारात बघून अदबीने म्हणायची, "बसा ना, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लॅपटॉप उघडला तर आईच्या नावाखाली एक नोंद होती. "स्वतःच्या हाताने नाश्ता केला. मुलीची चौकशी केली." वेळ आजची, सकाळी सातची. सात वाजता लॅपटॉप बंद होता, ऑफिसच्या खणात होता. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात तिचंच नाव होतं.

"मग तुम्हीच केली असणार," काका मान वर न करता म्हणाले. "वेळेचं काय घेऊन बसलात, सेटिंग चुकलं असेल. मी पहिल्या आठवड्यात स्वतःलाच बाहेर ठेवून कुलूप लावलं होतं. पुसा आणि परत उभं करा, दहा मिनिटांचं काम."

तिने पुसायची आज्ञा टाइप केली. एक बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. मग 'मुलीची चौकशी केली' हे शब्द तिने पुन्हा एकदा वाचले आणि टाइप केलेलं अक्षर अक्षर करून मागे घेतलं.

त्यानंतर रोज नोंदी येत गेल्या. तिने इंटरनेट बंद करून पाहिलं, तरी येत राहिल्या. खिडकीशी बसून केस विंचरून घेतले. डाळीत मीठ कमी आहे म्हणून स्वयंपाकिणीला सुनावलं. मुलीच्या लहानपणीची गोष्ट सांगितली, ती झाडावरून पडली आणि रडली नाही ती. ही गोष्ट तिने स्वतः कधी कुणाला सांगितली नव्हती. ती ऑफिसला लवकर यायला लागली. मंगळवारी आश्रमात जायच्या वेळी तिला वाटलं, कशाला जायचं, 'बसा ना, बाई' ऐकायला? शनिवारीही ती गेली नाही, लॅपटॉप घरी आणून मांडीवर घेऊन बसली.

शनिवारी पाच वाजता नोंद आली. "मुलगी आली होती. आजींनी तिचा आवाज जिन्यातच ओळखला. दोघी दोन तास बोलल्या."

ती कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता. तिच्या मनात आलं ते इतकंच, की तिथे मी नव्हते.

पुढच्या मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आश्रमात गेली. जिन्यात नर्स भेटली. "अहो ताई, आत्ताच तर गेलात. काही विसरलं का?"

"मी आत्ताच आले," ती म्हणाली.

नर्स हसली. "आजी तुम्हाला सोडत नाहीत हल्ली. बरं आहे बाई, रोज येता. फार फरक पडलाय त्यांच्यात."

आई खिडकीशी बसली होती. केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर तरतरी, डोळे स्वच्छ. असे डोळे तिने वर्षभरात पाहिले नव्हते. ती दारातच थबकली आणि तिने हाक मारली, "आई."

आईने वळून पाहिलं. पूर्वीसारखं हरवलेलं नाही, अगदी लक्ष देऊन पाहिलं, अनोळखी माणसाला पाहावं तसं.

"कोण हवंय आपल्याला?"

"आई, मी. तुझी मुलगी."

"माझी मुलगी आत्ताच गेली," आई शांतपणे म्हणाली. "तिला मी ओळखते. तुम्ही ती नाही." आणि ती जवळ जाऊ लागली तशी आईने खुर्ची मागे सरकवली, भिंतीला टेकेपर्यंत, आणि नर्सला हाका मारायला सुरुवात केली.

परतताना बसमध्ये तिचं ठरलं. दहा मिनिटांचं काम. आई पूर्वीसारखी झाली तरी चालेल, 'बाई' म्हणाली तरी चालेल, पण 'बसा' म्हणू दे. ऑफिसात जाऊन तिने खांद्यावरची पर्स न काढताच लॅपटॉप उघडला, पुसायची आज्ञा टाइप केली, आणि बटण दाबण्याआधी शेवटचं म्हणून आईचं पान उघडलं.

वर नवी नोंद होती, वीस मिनिटांपूर्वीची.

"दुपारी एक अनोळखी बाई येऊन आपण मुलगी असल्याचं सांगत होत्या. आजी फार घाबरल्या. मुलीला फोनवर कळवलं. त्या बाई कोण हे तिला माहीत आहे, यापुढे ती त्यांचा बंदोबस्त करेल."