अजून दोन उन्हं

"सही करो, मॅडम. गाडी खडी है." केंद्रप्रमुख वीरेंद्र साहेबांनी कागद माझ्या टेबलावर आपटला. ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या ॲल्युमिनियमच्या वाट्या खणखणल्या.

मी कागद वाचला. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या सरकारी संशोधन केंद्राने धानातली ओल मोजणारं एक छोटं यंत्र तयार केलं होतं. ते चिन्नोर या इकडच्या बारीक, सुवासिक धानाच्या साठ नमुन्यांवर तपासलं आणि अचूक निघालं, असं त्यावर लिहिलेलं. खाली माझं नाव छापलेलं: ज्योत्स्ना पिंपळापुरे, वरिष्ठ तंत्रज्ञ. साठ! मी अकरा तपासले होते, आणि अकराही वेळा यंत्र चुकलं होतं.

"साठ कुठून आले, सर?"

"बाकी मोटे धान के हैं. धान तो धान है."

तीन वर्षं चिन्नोरचा भात ओरपून हा माणूस मलाच हे सांगतो! चिन्नोरचा दाणा त्या यंत्राच्या मापात सैल बसतो, म्हणून ओल कमी दिसते. यंत्र बारा टक्के म्हणालं, की दाणे वाळवून ओल मोजणारा ओव्हन पंधरा म्हणतो. बी बारावर कोठीत बंद करायचं असतं. पंधरावर केलं तर आतल्या आत बुरशी धरते आणि पेरल्यावर कोंब येत नाही. उद्या लांजीत दोनशे शेतकऱ्यांना हे यंत्र वाटायचं होतं.

"मी सही करणार नाही. लोकांचं बी मरेल."

"आप मुझे साइंस सिखाएँगी? दाँत से धान चबाने वाली!"

ते खोटं नव्हतं. तीस वर्षं प्रत्येक नमुना मी आधी दाताखाली धरला आणि मग ओव्हनमध्ये घातला. कट्‌ वाजला तर सुका, कुचकन दबला तर ओला. इकडचे सगळे शेतकरी असंच बघतात, मी त्यांच्याकडूनच शिकले.

"त्यात माझी दाढ गेली, सर. आकडा कधी गेला नाही."

साहेब लालबुंद झाले. त्यांनी माझं नाव खोडलं, खाली स्वतःची सही ठोकली आणि कागद उचलला. "आठ महीने बचे हैं ना रिटायरमेंट के? मुरैना में काटिए."

मी घाबरले. खोटं कशाला सांगू? मी त्याच त्या वाट्या पुन्हा पुन्हा पुसत बसले. राग मात्र असा आला होता, की एक वाटी फेकून मारावी. मेली इतकी हलकी, की लागलीही नसती.

तिसऱ्या दिवशी दूर मुरैनाला बदलीचा आदेश हातात पडला आणि ओव्हनच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेण्यात आली. मी खणातून चष्म्याचं घर आणि चहाचा कप काढत होते, तेवढ्यात लांजीकडचा प्रेमलाल आला. दर हंगामात हा लुगड्याच्या तुकड्यात मूठभर धान बांधून आणतो. बी त्याच्या आईचं, मैनाबाईचं. एकेक लोंबी निवडून तिने ते जपलं होतं. मी तपासून चिठ्ठी दिली, की तो ती कोठीच्या झाकणाला चिकटवतो. मैनाबाई हयात असल्यापासूनची त्यांच्या घरची रीत. चिठ्ठीवर माझी सही असल्याशिवाय कोठी बंद होत नाही.

प्रेमलालने पिशवीतून यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"बाई, हे डब्बी बारा सांगून राह्यली. कोठी बंदच करनार होतो. पन संगं जो कागद भेटला, त्याच्यावर तुमची सही नाही. काहून?"

"मी केली नाही म्हणून."

"हौ." त्याने गाठोडं सोडलं. "मंग तुम्हीच पाहून द्या."

ओव्हन कुलपात. मी एक दाणा उचलला आणि उरलेल्या दाढेखाली धरला. कुचकन दबला.

"ओला आहे, प्रेमलाल. बाकीच्यांचं काय?"

"चाळीसेक जनायनं कालच कोठ्या बंद केल्या."

"अरे, उघडायला सांग त्यांना! आजच्या आज!"

"माह्या तोंडाच्या गोष्टीनं कोन उघडते, बाई? सरकारी डब्बी हाय ते. तुमचा कागद द्या, घरोघरी दाखवतो."

चिठ्ठ्यांचं पुस्तकही त्याच कुलूपबंद खोलीत होतं. हाताशी कागद एकच होता. मी बदलीचा आदेश पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'यंत्रावर जाऊ नका. चिन्नोर ओला आहे. कोठ्या उघडा. अजून दोन उन्हं द्या, मग दाताखाली कट्‌ वाजतो का बघा.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. तीस वर्षं करत आले तशीच सही.

प्रेमलालने कागद उलटून पाहिला. मुरैना हा शब्द त्याने बोट ठेवून वाचला.

"तुम्ही चालल्या?"

"हौ."

"त्या डब्बीच्या कागदावर सही दिली नाही म्हनून?"

"साहेबांना दिली नाही म्हणून. तुला तर दिली."

लिहिलेली बाजू वर ठेवून त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात जपून ठेवली.

"समद्यायले दाखवून झाला, का कोठीले चिटकवतो. तुमची बाजू वरतं. साहेबाची झाकनाच्या पत्र्याले."

यंत्र तिथेच टाकून तो निघाला. लांजीची बस सुटायला दहा मिनिटं होती. दारातून मागे वळून तो म्हणाला, "धान ठेवून चाललो, बाई. तिकडं कोनाले दाखवा, चिन्नोर कसा असते ते."

मी गाठोडं पुन्हा बांधलं आणि कपाशेजारी ठेवलं.