तक्त्यातले चार

दवाखान्यात सगळे तिला 'चारताई' म्हणायचे. म्हणजे चिडवायचेच म्हणा ना! लशींच्या फ्रीजच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला असतो. रोज सकाळ-संध्याकाळ आतला थर्मामीटर बघायचा आणि तापमान लिहायचं. दोन ते आठ अंशांच्या मध्ये असलं की लस चांगली. आणि या नर्सताईच्या तक्त्यावर तीन वर्षं नुसते चार, चार आणि चारच!

बरं, इतर दिवशी ती खरंच बघायची आणि काटा चारवरच असायचा. पण रविवारी दवाखाना बंद. मग रविवारचे चार कोण लिहायचं? सोमवारी सकाळी ताईच. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरसाहेबांनी बजावलं होतं, "रकाना कोरा दिसता कामा नये. तपासणीवाले उगाच प्रश्न विचारतात."

"पण साहेब, मी काल बघितलंच नाही."

"मग? फ्रीज काय रविवारी फिरायला जातो?"

सगळे हसले. तीही हसली आणि चार लिहून मोकळी झाली. खरं सांगा, तुम्ही-आम्ही तिच्या जागी दुसरं काय केलं असतं?

त्या सोमवारी मात्र तिने दार उघडलं आणि तिचा हात तिथेच थांबला. काटा शून्याच्या खाली! मागच्या रांगेतल्या लशीच्या बाटल्या गोठून दगड झालेल्या. पुढच्या रांगेतली लस पातळ दिसत होती, पण पहाटे दोन तास वीज गेली होती, आधी गोठून तेव्हा वितळली असेल तर? आणि मधल्या कप्प्यात ऐटीत आडवी पडलेली साहेबांची पाण्याची बाटली. बर्फाने टम्म फुगलेली!

"शनिवारी साहेबांनीच बटण फिरवलं," फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. "पाणी गार होत नाही म्हणून बोंबलत होते. मी म्हटलं, साहेब, तो लशींचा फ्रीज आहे. तर म्हणाले, तू फडकं सांभाळ."

बाहेर बाकांवर चाळीस बाळं होती. कुणी रडतंय, कुणी आईच्या खांद्यावर झोपलंय. एका बाबाने तर कामावर खाडा केला होता. लस गोठली की तिची ताकद जाते. टोचलेलं दिसतं, आई निश्चिंत घरी जाते, आणि बाळाच्या अंगात संरक्षण म्हणाल तर नाहीच!

साहेब आले. ताईने सगळं सांगितलं.

"मागच्या फेकून दे. पुढच्या पातळ आहेत ना? त्या टोच. आणि तक्त्यावर चार लिही."

"साहेब, पुढच्याही गोठून वितळल्या असतील. तपासून तरी बघते."

"डॉक्टर तू की मी?" साहेब टेबलावर हात आपटत म्हणाले. "तुझा कायम होण्याचा कागद इथे पडलाय, माझ्या सहीसाठी. विसरलीस? आणि काय गं, तीन वर्षं न बघता चार लिहिते आहेसच ना? आज एकदम कुठून आला खरेपणाचा उमाळा?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग आलाच. पण त्याहून जास्त राग आला तो स्वतःचा. कारण ते शेवटचं वाक्य खरं होतं!

ती तणतणत व्हरांड्यात आली. "ऐकायचं तरी किती, मावशी? नाही ऐकलं तर नोकरी जाईल. ऐकलं तर..." तिने बाकांवरच्या बाळांकडे बघितलं.

मावशींनी फडकं पिळलं. "हे बघ पोरी, साहेब म्हणाले फरशी तीनदा पूस, तर मी पुसते. कंबर मोडते, शिव्या देते, पण पुसते. त्यांचा दवाखाना, त्यांचा हुकूम. पण उद्या म्हणाले, न पुसताच पुसली म्हणून सांग, तर? घसरणारा माणूस साहेबांच्या शब्दावर पडत नाही गं, फरशीवर पडतो! काम कसं करायचं ते साहेबांनी सांगावं. पण झालं की नाही ते आपणच सांगायचं. ते त्यांच्या हातात देऊ नकोस."

ताई तडक आत गेली. गोठलेली एक बाटली तिने मुठीत धरून वितळवली. पुढच्या रांगेतली एक घेतली. दोन्ही बाटल्या एकाच खेपेतल्या. दोन्ही खळाखळा हलवल्या आणि साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. बरोबर त्या कागदावर!

"हा काय तमाशा?"

"प्रशिक्षणात शिकवलंय, साहेब. चांगली लस बराच वेळ गढूळ राहते. गोठलेली पटकन तळाला बसते. अर्धा तास थांबू. चांगली निघाली तर मी मुकाट्याने टोचते."

अर्धा तासही लागला नाही. दोन्ही बाटल्यांत पांढरा गाळ भराभर खाली बसला. वर स्वच्छ पाणी! दोन्हींत काडीचा फरक नाही.

"बघा!" ताईने आवाज खाली येऊ दिला नाही. "तुम्ही सांगाल ती पाळी करीन, सांगाल तितकं थांबेन. पण हे पाणी मी कुणाच्या लेकराला टोचणार नाही! आणि न बघितलेले चार आजपासून बंद!"

तक्त्यावर तिने खरं तापमान लिहिलं. मग जुने तक्तेही काढून आधीच्या सगळ्या रविवारांवर रेघ ओढून लिहिलं, 'पाहिले नव्हते', आणि खाली स्वतःची सही केली. तिची चूकही तिचीच होती ना!

बाहेर जाऊन तिने हात जोडले. "लस खराब झालीय. गुरुवारी नवी येईल. तुमचा हेलपाटा झाला, माफ करा." खाडा केलेला बाबा भडकला, भडकणारच! पण एक आई म्हणाली, "बरं झालं सांगितलंत."

आत साहेब फोनवर खेकसत होते, "नवा साठा पाठवा. हो, सगळा गेला. कसा म्हणजे?" त्यांनी टेबलावरच्या दोन बाटल्यांकडे बघितलं. "बटण मी फिरवलं होतं."

त्या कागदाचं काय झालं? तो अजून टेबलावरच आहे. खोटं कशाला सांगू?

पण पुढच्या सोमवारी ताई आली तेव्हा फ्रीजमध्ये पाण्याची बाटली नव्हती. आणि रविवारच्या रकान्यात साहेबांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात आकडा होता, पाच. चार नाही, पाच! म्हणजे कुणीतरी खरंच येऊन, दार उघडून, डोळ्यांनी बघून गेलं होतं.

म्हणून सांगते, वरिष्ठांचं जरूर ऐकावं. पण जे बघितलं नाही ते बघितलं म्हणून लिहायला कुणी सांगितलं, तर पहिल्याच रविवारी 'नाही' म्हणावं. तीन वर्षं वाट बघू नये. तोवर बाहेर चाळीस बाळं येऊन बसलेली असतात!